भूकंपाच्या रात्री, गवती चहा आणि डिफ्यूझर

आजचा विषय इसेन्शियल ऑइल. पण सुरुवात करतो भूकंपापासून.

नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास आधी जमिनीखालून आवाज यायचा, मग घरातली भांडी वाजायची. १ फेब्रुवारी २०१९ ला तर ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घर अंगावर पडेल म्हणून लोक थंडीत तंबूत, नाहीतर अंगणात झोपायचे. मी तेव्हा बीटेकला होतो, घरी आलो होतो. आम्हीही ताडपत्रीखाली. झोप कुणालाच नाही. मग रात्री दोन वाजता आई चुलीवर गवती चहा घालून चहा उकळायची. तो वास आला की जिवाला जरा बरं वाटायचं.

पुढे नोकरीसाठी पुण्यात आलो. रात्री रस्त्यावरून ट्रक गेला, खिडकी थरथरली, की मी उठून बसायचो. शेवटी डिफ्यूझर मागवला आणि लेमनग्रास ऑइल. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहाच की! दोन थेंब टाकले आणि खरंच शांत वाटलं.

असं का होतं? बाकीच्या संवेदना मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या जंक्शनवर जातात. वासाला शॉर्टकट आहे. नाकातून निघालेला सिग्नल थेट अमिग्डलापर्यंत पोचतो, जिथे भीती आणि भावना हाताळल्या जातात. आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पसही तिथून जवळच. म्हणजे मला शांत केलं त्यात तेलातल्या सिट्रलचा वाटा किती आणि आईच्या चहाचा किती, हे वेगळं काढताच येत नाही. नवी ताडपत्री उघडली की त्या वासाने मला अजूनही धडधडतं!

संशोधनातही हीच गोची आहे. लव्हेंडरच्या वासाने चिंता थोडी कमी होते, असं काही अभ्यास सांगतात. पण बरेच अभ्यास छोटे आहेत, आणि वास लपवता येत नाही. कुठल्या गटाला खरं तेल दिलंय हे लगेच कळतं. मग टेस्टिंग करणार कसं? म्हणून मी याला मदत म्हणतो, इलाज नाही. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल तर डॉक्टरांना भेटा, किंवा १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. मोफत आहे.

आता माझी चूक सांगतो. ताई तिच्या आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आली होती. बाळाला सर्दी. मी हुशारी करून बंद खोलीत डिफ्यूझरमध्ये निलगिरीचं तेल आणि कापूर टाकला. थोड्याच वेळात बाळ जोरजोरात खोकायला लागलं, श्वास घेताना आवाज यायला लागला. डॉक्टर पहिलं वाक्य बोलले, "ते आधी बंद करा." बाळ सुखरूप आहे, पण ताईचा चेहरा मी विसरणार नाही.

मला वाटायचं, नैसर्गिक आहे, काय होणार? अहो, साधारण १०० किलो पातीतून जेमतेम अर्धा किलो तेल निघतं. चहातली चार पाती वेगळी आणि हा अर्क वेगळा. निलगिरीचं तेल किंवा कापूर थोडासा जरी पोटात गेला, तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात.

म्हणून आता माझे नियम असे. तेल प्यायचं नाही. अंगाला लावायचं तर चमचाभर खोबरेल तेलात एकच थेंब, तोही आधी हातावर लावून बघायचा. डिफ्यूझर अर्धा तास, खिडकी उघडी ठेवून. दोन वर्षांखालचं मूल असेल तर लावायचाच नाही. दमा असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि बाटली कुलपात.

घरात तान्हं बाळ असलेल्या एका तरी मित्राला हे ऐकवा. मी या शनिवारी घरी चाललोय. आईला सांगितलंय, चहा तयार ठेव. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!