स्वतःहून पिंजऱ्यात शिरलेली मुलगी

‘दंगल’ पाहिला नाही अशी बाई आपल्या ओळखीत सापडणं कठीण! डिसेंबर २०१६ मध्ये आलेला तो सिनेमा नंतर टीव्हीवर इतक्यांदा लागला, की मुलींचे केस कापण्याचा प्रसंग आला की आपण भाजी निवडता निवडता मान वर करून बघतो. गीता आणि बबिता तर आपल्याला घरच्या मुलींसारख्या माहीत झाल्यात. कोचच्या भूमिकेतले गिरीश कुलकर्णी तर आपले मराठीच!

पण हरियाणातल्या बलाली गावच्या महावीरसिंग फोगट यांना मुली दोन नाहीत, चार. तिसरी रितू आणि धाकटी संगीता. आज मला सांगायचंय ते या तिसरीबद्दल. गीता-बबिताच्या गोष्टीत स्वप्न आधी वडिलांनी पाहिलं आणि मुलींनी ते खरं करून दाखवलं. रितूनंही तेच केलं, पण काही वर्षंच. मग तिनं वाट बदलली, आणि ही दुसरी वाट तिची तिनं निवडलेली होती.

रितूचा जन्म मे १९९४ चा. आठव्या वर्षापासून वडिलांच्या हाताखाली कुस्ती. दहावीनंतर शाळा सोडून पूर्णवेळ सराव. मोठ्या बहिणीनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेलं. असं पदक जिंकणारी गीता ही पहिली भारतीय महिला कुस्तीगीर. दुसरीनं २०१४ मध्ये सुवर्ण आणलं, त्याच स्पर्धेत चुलतबहीण विनेशनंही आणलं. अशा घरात तिसरी मुलगी असणं काही सोपं नसणार. मोठीची पुस्तकं, मोठीचे कपडे आणि वर ‘तुझी ताई बघ कशी’ हे ज्या मुलींनी ऐकलंय, त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल!

रितू मागे पडली नाही. २०१६ मध्ये सिंगापूरला राष्ट्रकुल कुस्ती अजिंक्यपद स्पर्धेत तिनं सुवर्ण जिंकलं. २०१७ मध्ये पोलंडला २३ वर्षांखालच्यांच्या जागतिक स्पर्धेत ४८ किलो गटात रौप्य मिळवलं. समोर टोकियो ऑलिंपिकची तयारी होती. आपल्याकडे पदक आलं की पाठोपाठ सरकारी नोकरीही येते. गीता हरियाणा पोलिसांत डीएसपी झाली, हे आपण पेपरात वाचलंच आहे.

आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये, पंचविशीही पूर्ण झाली नसताना, रितूनं जाहीर केलं की मी कुस्ती सोडून मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये जातेय. सिंगापूरच्या ‘वन चॅम्पियनशिप’ या व्यावसायिक संस्थेशी तिनं करार केला आणि बॅग भरून सिंगापूर गाठलं.

हे नेमकं असतं काय?

मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे थोडक्यात एमएमए. बॉक्सिंगचे ठोसे, थाई पद्धतीच्या लाथा, कोपर आणि गुडघ्याचे मार, कुस्तीची पकड, ज्युडोची फेक आणि जमिनीवर पडल्यावर सांधे आवळायचे डाव, हे सगळं एकाच खेळात. भोवती जाळीचा पिंजरा. हातात बोटं उघडी राहतील असे पातळ ग्लोव्हज, बॉक्सिंगच्या ग्लोव्हजच्या निम्म्याहून कमी वजनाचे. साधारणपणे पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, किताबाची लढत असेल तर पाच. समोरचीला मार सहन होईनासा झाला तर पंच लढत थांबवतो, किंवा पकडीत सापडलेली स्वतःच हातानं थापटून ‘पुरे’ म्हणते. तसं काही झालं नाही, तर तीन परीक्षक निकाल देतात.

पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो, हे मी कबूल करते. ‘हा काय बायकांचा खेळ आहे का?’ हा प्रश्नही मनात येतो. पण हा प्रश्न फक्त आपल्याच ओसरीवर विचारला जात नाही बरं का! अमेरिकेतल्या ‘यूएफसी’ या या खेळातल्या सगळ्यात मोठ्या संस्थेचे प्रमुख डेना व्हाइट यांनी २०११ मध्ये, आमच्याकडे बायका कधीच लढणार नाहीत, असं कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, त्यांनाच बायकांची पहिली लढत घ्यावी लागली. ती लढली रोंडा राउझी. तिच्या गळ्यात २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचं ज्युडोमधलं कांस्यपदक होतं. त्या रात्रीची मुख्य लढतच तिची होती!

चीत झाली म्हणजे हरली नव्हे

कुस्ती येणाऱ्या मुलीला हे सोपं जात असेल, असं आपल्याला वाटतं. अर्धं ते खरंही आहे. उचलून आपटण्यात रितूचा हात धरणारी कुणी नव्हती. १६ नोव्हेंबर २०१९ ला बीजिंगमध्ये तिनं पहिली लढत खेळली आणि कोरियाच्या मुलीला पहिल्याच फेरीत हरवलं. दुसरी लढत फेब्रुवारी २०२० मध्ये, सिंगापूरला. करोनामुळे स्टेडियममध्ये एकही प्रेक्षक नाही. नंतरच्या दोन लढतीही तिनं त्याच वर्षी जिंकल्या. घरापासून इतक्या लांब, तेही करोनाच्या काळात!

उरलेलं अर्धं मात्र अवघड होतं. कुस्तीत समोरचीची पाठ टेकवली की काम झालं. एमएमएमध्ये तिथून खरी सुरुवात होते. पाठीवर पडलेली मुलगी खालूनच तुमचा हात दोन पायांत पकडून कोपर उलटं ताणू शकते. वर बसलेली जिंकतेय असं बघणाऱ्याला वाटत असतं, आणि थापटते तीच. सोळा-सतरा वर्षं अंगात मुरलेली सवय मोडून हे नव्यानं शिकायचं. शिवाय कुस्तीत ठोसा नाहीच, त्यामुळे तोंडावर येणाऱ्या मुठीकडे डोळे न मिटता बघायलाही शिकावं लागतं. जागतिक रौप्यपदक मिळवलेल्या मुलीनं दुसऱ्या एका वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसायचं, हे मला त्या ठोशांपेक्षाही धाडसाचं वाटतं.

मे २०२१ मध्ये ती पहिल्यांदा हरली, बी नुएन या व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकन लढवय्यीकडून. तिन्ही परीक्षकांचं एकमत नव्हतं, निसटता पराभव. गंमत म्हणजे त्या दिवसाच्या कार्यक्रमाचं नावच ‘दंगल’ होतं! पण जुलैमध्ये ती परत उतरली आणि जिंकली. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘वन’नं फक्त बायकांच्या लढतींचा कार्यक्रम भरवला, त्या संस्थेतला तसा पहिलाच. त्यातल्या आठ जणींच्या स्पर्धेत रितूनं चीनच्या अनुभवी मेंग बोला हरवलं. ऑक्टोबरमध्ये उपांत्य फेरीत फिलिपिन्सच्या जेनेलिन ऑल्सिमला. आणि ३ डिसेंबरला ती अंतिम फेरीत उभी राहिली.

समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स. लहानपणापासून थाई बॉक्सिंगच्या रिंगणात वाढलेली. रितूनं तिचा नेहमीचा डाव टाकला, स्टॅम्पला खाली घेतलं. पण दुसऱ्या फेरीत स्टॅम्पनं खालूनच तिचा हात पकडला आणि कोपराचा सांधा ताणला. रितूला थापटावं लागलं. जो धडा ती दोन वर्षं गिरवत होती, त्यातच ती अडकली. करिअरमधली सगळ्यात मोठी संधी हातातून गेली.

वजनाचा काटा

इथे थोडं थांबून एक वेगळी गोष्ट सांगते, कारण खेळणाऱ्या मुली ज्यांच्या घरात आहेत त्यांना ती उपयोगी पडेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगटचं काय झालं, ते आठवत असेलच. ऑलिंपिकची अंतिम फेरी, आणि सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त. सगळं संपलं. आपण सगळ्याच त्या दिवशी हळहळलो. कुस्ती असो की एमएमए, खालच्या गटात बसण्यासाठी खेळाडू शेवटच्या दिवसांत अन्न तोडतात, पाणी तोडतात, गरम कपडे घालून घाम गाळतात. डिसेंबर २०१५ मध्ये ‘वन’चाच एक चिनी खेळाडू अशा प्रकारे वजन उतरवताना मरण पावला. त्यानंतर त्या संस्थेनं नियम बदलला. आता नुसता वजनकाटा पुरत नाही, लघवी तपासून शरीरात पुरेसं पाणी आहे का, हेही बघतात. म्हणूनच तिथला रितूचा गट ५२ किलोंच्या थोडा वर होता, कुस्तीतल्या ४८ पेक्षा बराच मोकळा.

तालुक्याच्या स्पर्धेला जाणारी तुमची मुलगी दोन दिवस पाणी पीत नसेल, तर ‘खेळाडूंना असं करावंच लागतं’ म्हणून सोडून देऊ नका. सरांना जाऊन विचारा.

बाळ झालं, आता पुरे?

सप्टेंबर २०२२ मध्ये टिफनी टिओकडून रितू पहिल्याच फेरीत हरली. आणि मग ती दिसेनाशी झाली. संसार, बाळंतपण. आपल्याकडे इथे बहुतेक गोष्टी संपतात. ‘खूप खेळली हो लग्नाआधी!’ असं कौतुकानं सांगितलं जातं आणि पदकं काचेच्या कपाटात जातात. कितीतरी कबड्डीपटू, खो-खोपटू आज आपल्याच गल्लीत पोळ्या लाटत असतील.

रितू परत आली. २० फेब्रुवारी २०२५, कतार. मधे जवळजवळ अडीच वर्षं गेलेली. समोर जपानची आयाका मिउरा, ज्युडोत मुरलेली. मानेभोवती हात टाकून खाली दाबायचं आणि खांदा पिळायचा, हा तिचा हुकमी डाव. त्याच डावात रितू पहिल्याच फेरीत हरली. त्या रात्रीपर्यंतचा हिशेब : अकरा लढती, सात विजय, चार पराभव.

सिनेमा असता तर ती जिंकली असती. तसं घडलेलं उदाहरणही आहे. सिंगापूरची अँजेला ली एप्रिल २०२१ मध्ये आई झाली, जवळपास तेवढ्याच खंडानंतर मार्च २०२२ मध्ये परतली आणि जिंकली. तेही कुणाविरुद्ध? रितूला हरवणाऱ्या त्याच स्टॅम्पविरुद्ध! दोघी आया, दोघींचा सारखाच खंड. एक जिंकली, एक हरली. बाळंतपणानंतर शरीर कुणाला कधी, किती साथ देईल, याचं गणित नाही. पण म्हणून हरलेलीनं यायलाच नको होतं का? मला नाही तसं वाटत. तिला पुन्हा उतरायचं होतं, ती उतरली. जिंकण्याची हमी मागून कुठला पुरुष परत येतो?

आणि वाट एकदा पडली की मागून येणाऱ्या थांबत नाहीत. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढाणा गावची पूजा तोमर. वूशू या चिनी युद्धकलेतून पुढे आलेली. ८ जून २०२४ ला अमेरिकेत लुईव्हिलला तिनं ‘यूएफसी’मधली लढत जिंकली. तिथे जिंकणारी ती पहिली भारतीय. पहिली भारतीय महिला नव्हे हं, पहिली भारतीय! मार्च २०२५ मध्ये लंडनला ती हरलीही. हा खेळच असा आहे, कालचा विजय आज कामाला येत नाही.

आपल्या मुलींनी पिंजऱ्यात शिरावं, असं माझं म्हणणं नाही. धोका आहे, दुखापती आहेत, पेन्शन नाही. चांगला प्रशिक्षक नसेल तर या वाटेला जाऊच नये. मला वेगळंच काहीतरी वाटत राहतं. वडिलांचं स्वप्न पूर्ण करणारी मुलगी आपल्याला फार आवडते. तिच्यावर सिनेमा निघतो, आपण डोळे पुसतो. पण तीच मुलगी पंचविशीत म्हणाली, ‘बाबा, तुम्ही दिलेलं मी मनापासून केलं, आता मला दुसरं करायचंय,’ तर? बँकेची परीक्षा सोडून बेकरी काढायचीय, डीएडनंतर ट्रक चालवायचाय, असं म्हणाली तर? रितूच्या घरच्यांनी तिला पाठिंबा दिला, हे तिनं मुलाखतींतून सांगितलंय. आखाड्यात मुली उतरवण्यासाठी सगळ्या गावाशी भांडलेल्या माणसाला मुलीचं वेगळं मत ऐकून घेणंही जमलं, हे मला सुवर्णपदकाइतकंच मोलाचं वाटतं.

आज संध्याकाळी पोळ्या करता करता लेकीला एवढंच विचारून बघा, ‘आम्ही सांगितलेलं सोडून तुला काय करावंसं वाटतं गं?’ उत्तर ऐकून दचकलात, तरी मधेच बोलू नका. तिला पूर्ण बोलू द्या.