घोडेस्वारी शिकणाऱ्याची वही

सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा घरी आला की मुलगा आठ दिवस हवेत असतो. मग दुडकी चालीची पाळी येते. स्वार हादरतो, मांड्या सोलवटतात आणि ‘मला जमत नाही’ म्हणून पोर घरी बसते. काही वडीलधारे अशा वेळी घाईने भरधाव सोडायला लावतात. ते तर अधिकच वाईट.

ब्रिटनमध्ये १९२९ साली निघालेल्या पोनी क्लबाने पायऱ्या ठरवल्या. ‘डी’पासून ‘ए’पर्यंत चाचण्या, चाचणी उतरली की बिल्ल्यामागे त्या रंगाची चकती. स्वारीबरोबर घोड्याची निगाही तपासतात.

शेतकरी बंधूंनो, आपल्याला साधी वही पुरे. तारीख घाला आणि मुलाने मदतीशिवाय केले तेवढेच लिहा: खरारा केला, चारही खूर साफ केले, शिरस्त्राणाचा पट्टा लावला, तंग आवळला, लगामाला न लोंबता दुडकीच्या ठेक्यावर उठला-बसला. पडला तर का पडला, तेही लिहा. शेजारच्या पोराशी तुलना नको. मुलगी शिकत असेल तर तिची वही वेगळी. महिन्याने मागची पाने ज्याची त्यालाच वाचायला द्या.

घोडा लंगडत असेल त्या दिवशी स्वारीचे पान कोरे राहू द्या.