घोड्यासाठी गाडी : ॲल्युमिनियमच्या ट्रेलरची पारख

ज्या जनावराने सहस्रावधी वर्षे माणसाला आणि त्याच्या ओझ्याला वाहून नेले, त्याच जनावराला आता माणूस गाडीत घालून नेतो, ही गोष्ट प्रथम ऐकताना थोडी गमतीची वाटते. परंतु ही रीत आजकालची नव्हे. १८३६ साली इंग्लंडातील लॉर्ड जॉर्ज बेंटिंक या शर्यतींच्या शौकीन उमरावाने आपला ‘एलिस’ नावाचा घोडा गुडवुडहून डॉन्कास्टर येथील सेंट लेजर शर्यतीसाठी एका बंद गाडीतून नेला. ती गाडीही अर्थात घोड्यांनीच ओढलेली होती! त्या काळी शर्यतीचे घोडे मजल-दरमजल करीत पायीच जात. एलिस मात्र ताजातवाना पोहोचला आणि शर्यत जिंकून मोकळा झाला. आपल्याकडेही मुंबईच्या महालक्ष्मीचा हंगाम आटोपून पुण्याचा पावसाळी हंगाम सुरू व्हावयाचा झाला, की शर्यतीचे घोडे मोटारगाडीतूनच घाट चढतात. आणि सारंगखेड्याच्या यात्रेत विक्रीला येणारे कित्येक घोडे मालमोटारींतून उतरताना दिसतात.

अमेरिकेत या वाहतुकीने निराळेच रूप घेतले आहे. तेथे साठ लाखांहून अधिक घोडे आहेत आणि त्यांतील पुष्कळसे सामान्य कुटुंबांच्या मालकीचे आहेत. रविवारी स्पर्धेला, सुटीत डोंगरातील वाटांवर, आजारपणात पशुवैद्याकडे, असे घोड्याला घेऊन जावे लागते. त्यासाठी स्वतःचे एंजिन नसलेला, मोटारीमागे जोडून ओढावयाचा ट्रेलर घरोघर असतो. तो विकत घेण्याची वेळ आली की तेथील गृहस्थापुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याच प्रश्नाचा विचार या लेखात करावयाचा आहे. ट्रेलर ॲल्युमिनियमचा घ्यावा हे बहुधा आधीच ठरलेले असते. कोणत्या कंपनीचा घ्यावा, याविषयी मात्र जो तो आपापल्या शेजाऱ्याचे ऐकतो. माझ्या मते पाहावयाचे असते ते पाटीवरच्या नावाखाली, आणि तेही बरेच खाली, म्हणजे गाडीच्या तळाशी.

प्रथम धातूकडे वळू. एक घनसेंटिमीटर पोलादाचे वजन सुमारे ७.८ ग्रॅम, तर तेवढ्याच ॲल्युमिनियमचे २.७ ग्रॅम. एवढे वाचून कोणी म्हणेल, की ॲल्युमिनियमचा ट्रेलर पोलादी ट्रेलरच्या एकतृतीयांश वजनाचा असणार. प्रत्यक्षात तसे घडत नाही. ॲल्युमिनियम जितके हलके, जवळजवळ तितकेच ते लवचीकही; एकाच आकाराच्या दोन कांबी घेऊन सारख्याच जोराने वाकवल्या तर ॲल्युमिनियमची कांब पोलादापेक्षा तिप्पट वाकते. म्हणून कारागिराला तुळया अधिक उंच आणि भिंती अधिक जाड कराव्या लागतात, आणि मिळालेल्या सवलतीचा मोठा भाग तेथेच खर्ची पडतो. शिवाय आस, चाके, ब्रेक आणि मोटारीला अडकवावयाची कडी ही पोलादाचीच राहतात. सगळा हिशेब केला तर सारख्या मापाच्या दोन गाड्यांत शेकडा दहा ते वीस एवढाच फरक उरतो. जाहिरातीत मात्र पिसासारखा हलकेपणा सांगितलेला असतो!

दुसरी गोष्ट, ॲल्युमिनियम म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. आपल्या स्वयंपाकघरातील साधे ॲल्युमिनियमचे पातेले आणि हिंडालियमचे पातेले यांतील भेद प्रत्येक गृहिणी जाणते. एकाला सहज पोचे पडतात, दुसऱ्याला पडत नाहीत. थोडेसे मॅग्नेशियम, सिलिकॉन यांसारखे पदार्थ मिसळल्याने हा मऊ धातू कणखर होतो. ट्रेलरच्या सांगाड्यासाठी ६०६१ आणि ६०६३ या क्रमांकांच्या मिश्रधातू विशेषेकरून वापरतात. तापवून मऊ केलेला धातूचा गोळा प्रचंड दाबाने साच्यातून बाहेर ढकलतात. चकलीच्या सोऱ्यातून पीठ निघावे तशा हव्या त्या आकाराच्या लांबच लांब पट्ट्या आणि पोकळ तुळया त्यातून निघतात. आपल्या बेळगावात यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून जो पांढरा ॲल्युमिना काढतात, तो या साऱ्या प्रवासाचा प्रारंभ होय, हे विद्यार्थिमित्रांनी ध्यानात ठेवावे.

आता कंपन्यांविषयी. मिनेसोटा राज्यातील ग्रँड मेडो येथे १९७३ साली सुरू झालेली आणि पुढे आयोवा राज्यातील क्रेस्को या गावी स्थिरावलेली ‘फेदरलाइट’ ही संपूर्ण ॲल्युमिनियमच्या ट्रेलरसाठी प्रसिद्ध आहे. ओक्लाहोमा राज्य म्हणजे तर या धंद्याचे माहेरघरच. ‘सनडाउनर’, ‘फोर-स्टार’, ‘हार्ट’, ‘सिमरॉन’ ही नावे तिकडचीच. याउलट आयडाहोतील ‘ट्रेल्स वेस्ट’सारखे कारखानदार आतला सांगाडा पोलादाचा ठेवून त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवतात. इंग्लंडात जागोजागी दिसणाऱ्या, वेल्समधील ‘आयफर विल्यम्स’च्या ट्रेलरांचा पायाही जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचाच असतो, आणि तेथील चिखलात व पावसात तो चांगला टिकतो. तेव्हा पोलाद म्हणजे हलके काम, असे मानण्याचे कारण नाही.

यांपैकी कोणते नाव श्रेष्ठ, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे, की नावापेक्षा गाडीचे साल आणि नमुना विचारा. एकच कारखाना स्वस्त नमुना काढतो आणि महागही काढतो. दोहोंच्या बाजूवर अक्षरे तीच असतात. मालकीही बदलत राहते. फेदरलाइट २००६ साली ‘युनिव्हर्सल ट्रेलर’ या समूहाकडे गेली, आणि ‘एक्सिस’ हे स्पर्धक नावही त्याच समूहात होते. बाहेरून परस्परांशी झुंजणारी दोन नावे आतून एकाच घरची असावीत, हे पाहून ग्राहकाने हसावे की रडावे? अर्थात नावाला काहीच किंमत नाही असे नव्हे. प्रसिद्ध नावाची जुनी गाडी विकताना चांगले पैसे येतात, आणि दहा वर्षांनी दाराची बिजागरी तुटली तर तशीच दुसरी मिळते. एवढा लाभ पुष्कळ झाला. गाडीची बांधणी मात्र आपल्याच डोळ्यांनी पाहावी लागते.

या पाहणीत सर्वांत महत्त्वाचे स्थान सांध्यांचे. ६०६१ या मिश्रधातूला तिचे बळ येते ते विशिष्ट रीतीने तापवून आणि मुरवून. वेल्डिंग करताना सांध्याजवळचा भाग पुन्हा तापतो आणि ते मुरवलेले बळ तेथल्यापुरते नाहीसे होते. सांध्यालगतच्या पट्ट्यात धातूची ताकद सुमारे निम्म्यावर येते. हा कोणा एका कारखान्याचा दोष नव्हे, हा धातूचा स्वभावच आहे. जाणता कारागीर तो ओळखून सांधा अशा जागी ठेवतो की जेथे ताण कमी पडेल, किंवा तेथे जाड तुकडा जोडून भार वाटून देतो. घाईत काम उरकणारा कारागीर नेमका कोपऱ्यावरच आखूड सांधा देतो. भरीला थकव्याचा प्रश्न असतोच. तार मागेपुढे वाकवून तोडण्याचा खेळ प्रत्येक मुलाने खेळलेला असतो. पोलादाला एका मर्यादेच्या आतले ताण कितीही वेळा दिले तरी ते सहसा थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही. लहान लहान धक्केही वर्षानुवर्षे साठत जातात आणि एके दिवशी केसासारखी बारीक चीर दिसू लागते. म्हणून जुना ट्रेलर घेताना कडीजवळचा भाग, चाकांवरील आधार, मागच्या दाराच्या बिजागऱ्या आणि पुढची मान जेथे धडाला मिळते ती जागा, ही विजेरी घेऊन निरखावी. चांगल्या वेल्डिंगची रेघ एकसारख्या लहान लहान लाटांची, नाण्यांची चळत तिरपी पाडल्यासारखी दिसते. जेथे ती तुटक, काजळलेली अथवा भोकाभोकांची असेल, तेथे विक्रेत्याचे बोलणे थोडे कमी ऐकावे. ताज्या रंगाखाली झाकलेला सांधा तर अधिकच बारकाईने पाहावा.

यानंतर तळ. घोडा सरासरी पाच क्विंटल वजनाचा असतो, आणि ते सारे वजन चार खुरांच्या लहानशा टेकूवर उभे असते. गाडी वळली की तो पाय झाडतो, घाबरला तर आपटतो. तळ खचला तर त्याचा पाय धावत्या रस्त्यावर जातो. याहून भयंकर अपघात कल्पनेत आणणे कठीण. ॲल्युमिनियमच्या ट्रेलरचा तळ बहुधा एकमेकींत अडकवलेल्या फळ्यांचा असतो आणि त्याखाली आडव्या तुळया असतात. या तुळया किती जवळजवळ आहेत, हे गाडीखाली वाकून हाताने मोजावे. तळ ॲल्युमिनियमचा आहे, तेव्हा तो कुजणार नाही, असे विक्रेता सांगेल. लाकडासारखा तो कुजत नाही हे खरे, पण झिजतो. या धातूवर हवेमुळे एक अतिशय पातळ कवच आपोआप चढते आणि तेच त्याचे रक्षण करते. आंबट ताक किंवा चिंचेचे सार ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये, असे आजी सांगते. धुण्याच्या सोड्याने घासलेले पातेले काळे पडते, हेही आपण पाहतो. तीव्र आम्लापुढे किंवा तीव्र अल्कापुढे ते कवच टिकत नाही. घोड्याचे मूत्र रबरी चटईखाली मुरले की त्यातून अमोनिया सुटतो आणि ओलावा अल्कधर्मी होतो. तेथे हवा नाही, पाणी सुकत नाही, आणि महिनोन्‌महिने कोणी चटई उचलून पाहत नाही. मग पांढरी भुकटी धरते आणि तळाला खड्डे पडू लागतात.

दोन धातू जेथे एकमेकांना टेकतात तेथे आणखी एक खोडी होते. प्रयोगशाळेत जस्ताची व तांब्याची पट्टी आम्लात बुडवून विद्युत्‌घट करतात, तो प्रयोग आठवावा. पोलादी तुळई, तिच्यावर ॲल्युमिनियमची फळी आणि दोहोंमध्ये घाम-मूत्राचे खारट पाणी, असा घट ट्रेलरच्या पोटात नकळत तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. म्हणून पोलादी सांगाड्याच्या गाडीत दोन धातूंच्या मध्ये रबराची वा प्लास्टिकची पट्टी घातली आहे की नाही, हे पाहावे. हलक्या कामात नेमकी हीच पट्टी वाचवलेली असते.

आस, टायर आणि ब्रेक यांविषयी फार लिहावयास नको, कारण ते भाग बहुतेक कारखाने बाहेरूनच आणतात. रबराच्या कांड्यांवर पीळ घेणारी आस असली तर घोड्याला धक्के कमी बसतात. वजनाचा हिशेब मात्र प्रत्येकाने घरी करून जावे. दोन घोड्यांचा ट्रेलर रिकामा १३०० किलो धरला आणि त्यात दोन घोडे, खोगीर, पाणी व गवत यांचे ११०० किलो मिळवले, तर २४०० किलो होतात. आपली मोटार एवढे ओढू शकते का, आणि उतारावर थांबवू शकते का, हे मोटारीच्या पुस्तिकेत पाहावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळे पाहतात, दुसऱ्याचे थोडेच पाहतात.

शेवटी ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या घोड्याच्या दृष्टीने पाहावे. मोकळ्या माळरानावर कळपाने राहणारे हे जनावर अंधाऱ्या, अरुंद खोपटात स्वखुशीने पाऊल टाकीत नाही. गाडी उंच, उजेडाची आणि आतून फिक्या रंगाची असेल तर तो लवकर चढतो. हवा खेळती असावी, आणि प्रवासात त्याला मान खाली घालता यावी. दीर्घ प्रवासात डोके उंच बांधून ठेवल्यास श्वासनलिकेतील धूळ व कफ बाहेर पडत नाही आणि फुप्फुसाचा दुखणाईतपणा जडतो, हे पशुवैद्यांनी दाखवून दिले आहे. भिंतीचा पत्रा एकेरी असेल तर लाथेने तो फाटतो आणि त्याची कड सुरीसारखी होते. म्हणून आतून खालच्या अर्ध्या भागात जाड रबराचे अस्तर असलेली दुहेरी भिंतच घ्यावी. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा उष्णता कितीतरी लवकर वाहून नेते, तेव्हा छताच्या दोन थरांमध्ये उष्णतारोधक अस्तर नसेल तर उन्हाळ्यात आत भट्टी पेटते. आतून हात फिरवून पाहावा. जेथे आपल्या तळहाताला धार लागते तेथे घोड्याच्या डोळ्यालाही लागेल.

दुकानात गाडी चकचकीत पुसून, आत कोरी चटई अंथरून उभी केलेली असते. किंमत विचारण्यापूर्वी ती चटई उचलावयास सांगावी. रबरी चटई वजनदार असते, विक्रेता कुरकुर करील. मग आपणच बाह्या सरसावून एक टोक धरावे, फळ्यांच्या फटीत टोकदार काडी घालून पाहावी, गाडीच्या मागे बसून तळाच्या तुळया मोजाव्यात, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी आपला घोडा दाव्याने धरून तेथे आणून त्याला आत चढवून पाहावे.