पंपाकडून टॉर्चकडे

‘वास आला नाही, म्हणजे औषध मारलंच नाही,’ हे वाक्य पेस्ट कंट्रोलच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे. नव्वदच्या दशकात ते म्हणणाऱ्याचं फारसं चुकतही नव्हतं. तेव्हा सगळा कारभार वासावर चालायचा. सकाळी घरातली मंडळी भांडीकुंडी हॉलमध्ये आणून ठेवायची, त्यावर चादर टाकायची आणि मुलाबाळांना घेऊन नातेवाइकांकडे जायची. आमची माणसं पंप घेऊन मोरीपासून माळ्यापर्यंत भिजवून काढायची. संध्याकाळी ओट्याखाली उताणी झुरळं दिसली की काम पसंत. औषध बहुधा डायक्लोरव्हॉस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं नुवान. ते चटकन मारायचं आणि तितक्याच चटकन उडून जायचं. अंड्यांच्या पिशवीत ते शिरतच नसे, त्यामुळे महिन्याभरात नवी पिलावळ हजर व्हायची. वार्षिक कराराचं अर्थकारण या पिलावळीवर उभं होतं, असं म्हटलं तर जुनी मंडळी रागावतील, पण नाही म्हणणार नाहीत.

१९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आढळला आणि पुढच्याच महिन्यात सुरतेतल्या प्लेगने मुंबईचीही झोप उडवली. उंदीर मारायला फोनवर फोन येऊ लागले. त्या घबराटीत एक जुना धडा पुन्हा गिरवावा लागला : आधी पिसवा, मग उंदीर. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधतात, आणि जवळ माणसाचंच असतं. त्यामुळे बिळांच्या तोंडाशी कीटकनाशक आधी, उंदरांचं विष नंतर. प्लेगची भीती ओसरली, तरी घुशी-उंदरांच्या कामात हा क्रम आजही पाळावा. नव्या मुलांना तो कुणी सांगत नाही.

झुरळांचा खेळ खऱ्या अर्थाने बदलला तो जेलमुळे. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात जेल घरोघरी पोचलं. गिऱ्हाइकाला वाटायचं, सिरिंजने चार ठिपके लावून हा माणूस एवढे पैसे कसले मागतो! आणि आमच्यातल्याही पुष्कळांना ते पटत नव्हतं, म्हणून ते जेल लावून वर ‘जरा खात्रीला’ पंपही मारायचे. यासारखा घातकी प्रकार नाही. फवाऱ्यातल्या पायरेथ्रॉइडने झुरळ बिचकतं, जेलच्या जवळ फिरकत नाही, आणि महागाचं औषध ठिपक्यातच वाळून जातं. घरातलं छोटं, तपकिरी जर्मन झुरळ जेल खातं, फटीत परत जातं, तिथे मरतं. त्याची विष्ठा आणि मढं बाकीची पिल्लं खातात आणि तीही मरतात. ही साखळी चालू राहावी म्हणूनच फवारा नको.

जेल लावणं म्हणजे मुख्यतः शोधणं. किचन ट्रॉलीच्या बिजागऱ्या, फ्रिजच्या मागची मोटर, मिक्सरचा तळ, वॉटर प्युरिफायरची मागची बाजू : उबदार, अंधारी आणि पाण्याजवळची जागा. बिजागरीवर टॉर्च मारला की मिरीपुडीसारखे काळे कण दिसतात, तिथेच ठिपका. थोड्या जागी मोठे लपके लावण्यापेक्षा पुष्कळ जागी बारीक ठिपके बरे. तेलकट टाइलवर लावू नये, तो धरत नाही. आणि कामवाल्या बाईंना स्वतः दाखवून सांगावं की हे पुसायचं नाही. गृहिणीला सांगितलेला निरोप सकाळच्या गडबडीत बाईंपर्यंत पोचत नाही. गटाराच्या चेंबरमधून येणारी मोठी लाल झुरळं वेगळी. तिथे फवारणीला पर्याय नाही.

एकच जेल वर्षानुवर्षं वापरू नये, याचं कारण अमेरिकेतून आलं. फ्लोरिडातल्या काही जर्मन झुरळांनी आमिषातली साखरच नाकारायला सुरुवात केली होती. त्यांच्या चवीच्या यंत्रणेला ग्लुकोज कडू लागू लागलं होतं, हे २०१३ साली संशोधकांनी दाखवून दिलं. गंमत म्हणजे हे ‘जर्मन’ झुरळ मुळात आपल्याकडचं, भारत किंवा म्यानमारच्या परिसरातलं, असं २०२४ च्या जनुकीय अभ्यासात निघालं. म्हणजे आम्ही इतकी वर्षं परदेशी म्हणून ज्याच्यामागे धावलो, तो घरचाच.

वाळवीचा मागोवा घेताना जुने लोक हळहळतात. क्लोरडेन, हेप्टाक्लोर, आल्ड्रिन ही औषधं जमिनीत वर्षानुवर्षं टिकायची. म्हणूनच ती १९९६ च्या आसपास हद्दपार झाली. मग क्लोरपायरीफॉस आलं आणि त्यानंतर वाळवीला चाहूलही न लागणारी इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल. वाळवी त्यातून बिनधास्त जाते आणि इतरांनाही लावते. औषधं बदलली, पण हिशेब बदलला नाही. आयएस ६३१३ या मानकानुसार बांधकामाआधी पायाच्या जमिनीला चौरस मीटरला ५ लिटर द्रावण लागतं. क्लोरपायरीफॉस २० ईसी एका लिटरला १९ लिटर पाणी. म्हणजे १०० चौरस मीटरला ५०० लिटर द्रावण, त्यात २५ लिटर औषध. साइटवर एक पाच लिटरचा कॅन घेऊन येणाऱ्याने दहा वर्षांची गॅरंटी लिहून दिली, तर काय झालं ते बिल्डरलाही कळतं. पण काँक्रीटची गाडी दारात उभी असते आणि सुपरवायझर म्हणतो, उरकून टाका.

बांधलेल्या घरात भिंत-फरशीच्या सांध्यावर फूटभर अंतराने १२ मिलिमीटरची भोकं पाडायची, प्रत्येकात औषध सोडायचं आणि पांढऱ्या सिमेंटने बुजवायची. त्याआधी मातीच्या नळ्या खरवडून टाकण्याचा मोह आवरावा. वाळवी कुठून येते हे त्या नळ्याच सांगतात. दाराची चौकट स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाजवून बघावी, पोकळ आवाज आला की तिथून नळीचा माग खाली काढत जावं.

या सगळ्या काळात कायद्याने धंद्याला थोडी शिस्त लावली, पण थोडीच. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या गव्हाच्या पिठाने शंभरावर माणसं दगावली. त्या हाहाकारातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. परवान्यासाठी पदवी आणि प्रशिक्षण मागणारे नियम आहेत. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. डायक्लोरव्हॉसवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आली. तरी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी राहत्या घरात ठेवणारे महाभाग अजून आहेत. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम फॉस्फिन निघतो. तो दाराखालून, वायरिंगच्या पाइपातून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा नाही. ही गोळी धान्याच्या गोदामात, ताडपत्रीखाली, देखरेखीतच वापरायची. घरात तिला जागा नाही. कुणी मागितली तरी काम सोडून यावं.

२०१७ साली यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर विषबाधेने गेले. ते शेतातलं होतं, पण त्यानंतर शहरातल्या आमच्याकडेही मास्क आणि हातमोज्यांची विचारपूस सुरू झाली. मुलं अजून ते काढून खिशात घालतात, कारण मे महिन्यात माळ्यावर चढून ते घालणं सोपं नाही. म्हणून उन्हाळ्यात माळ्याची कामं सकाळी नऊच्या आत ठेवावीत. घामाने भिजलेल्या कातडीतून औषध लवकर आत जातं.

राहिले ढेकूण. दोन दशकांपूर्वी आम्ही त्यांना संपल्यात जमा धरलं होतं. आता होस्टेलं, पीजी, लॉज, सगळीकडे ते परतले आहेत, आणि पायरेथ्रॉइडला बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत. गादीची शिवण, पलंगाच्या स्क्रूची भोकं, उशाशी असलेला स्विचबोर्ड उघडून बघावा. काळे डाग असतील तिथे वाफ द्यावी, कारण ५० अंशांवरच्या उष्णतेत अंडीही मरतात. फवारणीतून वाचलेली अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, त्यामुळे दोन आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच. ती पहिल्याच बिलात धरावी. वेगळी लावली की गिऱ्हाईक टाळतं, आणि महिन्याभराने फोन करून आपल्यालाच ऐकवतं.