दगडांचे मेंबर

तुमच्याकडे कशाकशाची मेंबरशिप आहे? जिमची असेलच (जाता का, हा वेगळा प्रश्न). एखाद्या ट्रेकिंग ग्रुपची, दोन-तीन ओटीटींची, कोपऱ्यावरच्या कॉफी शॉपची. दिघ्याला राहणारी माझी एक मैत्रीण मात्र दगडांची मेंबर आहे. म्हणजे चक्क भूवैज्ञानिकांच्या संस्थेची. वय २९, एमएस्सी जिऑलॉजी, आणि नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात, परदेशातल्या लोकांचे इन्शुरन्स क्लेम्स तपासायची. ऑफिसात तिची डिग्री कुणाला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे ते खड्डे खणतात तेच ना?’

तिच्या मेलबॉक्समध्ये मात्र सेलच्या मेल्समध्येच सोसायटीची पत्रकंही येऊन पडतात. अमुक शहरात वार्षिक अधिवेशन, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवायची शेवटची तारीख तमुक. तरुण सभासदांना प्रवासखर्चाची मदत. फील्ड ट्रिप, मोजक्या जागा, बूट स्वतःचे आणावेत. एखाद्या प्रोजेक्टवर रिसर्च फेलोची जागा. दिघा गाव ते ऐरोली हा एका स्टेशनाचा प्रवास, तेवढ्यात एक पत्रक वाचून होतं. (१२ जानेवारी २०२४ पर्यंत दिघ्याला स्टेशनच नव्हतं. लोकल समोरून जायची आणि लोक कळवा नाहीतर ऐरोली गाठायला निघायचे.)

‘यातून तुला मिळतं काय?’ हा माझा अगदी कॉर्पोरेट प्रश्न. ती म्हणाली, ‘आधी वर चल.’

वर म्हणजे ईलठणपाड्याच्या बाजूला. दिघा हायवेवरून पाहिलं तर कारखाने, गॅरेजेस आणि ट्रक. पण मागे पारसिकचा डोंगर आहे, आणि वस्ती त्याच्या अंगावर चढत गेली आहे. वर रेल्वेचं ब्रिटिशांच्या काळातलं धरण आहे. २०१५ मध्ये हायकोर्टाने एमआयडीसीच्या जमिनीवरच्या ९९ बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला, तेव्हा दिघा सगळ्या चॅनेल्सवर होतं. त्या इमारती कशावर उभ्या होत्या, म्हणजे खाली कागद कुठला होता, यावर जाम चर्चा झाली. खाली दगड कुठला आहे, यावर कुणी बोललं नाही.

तो दगड बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, आणि आज त्यांनी देशातला सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भाग झाकलाय. सगळीकडे जाडी सारखी नाही. किल्लारीत १९९३ च्या भूकंपानंतर बोअर घेतलं, तिथे हा थर ३३८ मीटरवर संपला. कोयनेजवळच्या बोअरमध्ये ९०० मीटरच्या पुढे गेल्यावर ग्रॅनाइट लागला. सह्याद्रीवर हे थर बऱ्यापैकी आडवे, केकच्या लेयर्ससारखे. आपल्या पट्ट्यात मात्र ते वाकून समुद्राकडे, पश्चिमेला कलले आहेत. या वाकणाला जगभरातले जिऑलॉजिस्ट ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. त्यावर १९४९ मध्ये लिहिणारा जॉन ऑडेन हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला, म्हणजे जीएसआयमधला अधिकारी. कवी डब्ल्यू. एच. ऑडेनचा मोठा भाऊ! आपण रोज ठाणे-पनवेल लोकलमध्ये डोअरला लटकून जातो, तो प्रवास या जगप्रसिद्ध वाकणाच्याच मुलखातून चाललेला असतो.

मैत्रिणीला ऑडेनपेक्षा दुसऱ्या गोष्टीत रस आहे. तिने रस्त्याच्या कडेला कापलेला उतार दाखवला. सगळ्यात वर माती, मग पिवळट मुरूम, त्याखाली घट्ट कातळ. पाऊस माती-मुरुमात झिरपतो, कातळापाशी अडतो. अडलेलं पाणी वरच्या थराचं वजन वाढवतं आणि आतून त्याची पकडही सैल करतं. त्यात घरासाठी कुणी उताराचा पाय कापलेला असला, की वरच्याला आधारच राहत नाही. ‘थर कुठल्या बाजूला कललेत, भेगा कुठल्या दिशेला आहेत, पाणी कुठून बाहेर येतं, हे घराघरामागे वेगळं असतं,’ ती म्हणाली. तिचं स्वतःचं घर याच उताराच्या पायथ्याशी आहे. जुलैत सलग दोन दिवस पाऊस लागला की तिची आई रात्री झोपत नाही.

उगाच नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. इर्शाळवाडी इथून फार लांब नाही, आपण ट्रेकला जातो त्या इर्शाळगडाच्या खालची. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसं बेपत्ता असताना शोध थांबवावा लागला.

आता सोसायटीकडे येऊ. गेल्या दोन पावसाळ्यांत मैत्रिणीने सुट्टीच्या दिवशी होकायंत्र आणि क्लिनोमीटर घेऊन आपल्या वस्तीमागचा उतार मोजलाय. भेगांच्या दिशा, पाण्याचे झरे, मुरुमाची जाडी. हे सगळं वहीत आहे. वहीतल्या नोंदी कुणी विचारत नाही. तेच एका अधिवेशनात पोस्टर म्हणून लागलं, तर समोर जीएसआयचे, आयआयटीचे, खासगी कन्सल्टन्सीचे लोक उभे राहतात. कुणी म्हणतं, हे चुकलंय. कुणी म्हणतं, अमुक नकाशा पाहिलास का? मेंबरशिपचा खरा फंडा हाच. कंपनीचं लेटरहेड नसलेल्या माणसाला तिथे बोलायला जागा मिळते.

ही आयडिया जुनी आहे. लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी १८०७ मध्ये एका टॅव्हर्नमध्ये, जेवणाच्या टेबलावर सुरू झाली. आपल्याकडची जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया १९५८ ची, बंगळुरूची. बी. पी. राधाकृष्ण यांनी तिचं जर्नल कित्येक दशकं सांभाळलं. भूभौतिकीवाल्यांची इंडियन जिओफिजिकल युनियन १९६४ ची, हैदराबादची. नागपुरात गोंडवाना जिऑलॉजिकल सोसायटी आहे. मुंबईकरांचं मात्र विचित्र आहे. १८८३ पासूनच्या बीएनएचएसचं मेंबर असणं, फ्लेमिंगो बघायला ऐरोलीच्या खाडीत जाणं, हे एकदम कूल. पण अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बेसॉल्टचे उभे खांब कोट्यवधी वर्षांचे आहेत, आणि ते बघायला किती जण गेलेत? ऑफिसात हात वर करून बघा.

या संस्थांचंही थोडं चुकतंच. पत्रकं अशी लिहितात की नवीन माणसाला वाटावं, हे आपल्यासाठी नाही. मराठीत तर जवळजवळ काही नाहीच. बेसॉल्टवर वाढलेल्या राज्यात हे जरा जास्तच वाटतं.

पण संधी आहेत, आणि त्यांना घड्याळ आहे. सगळ्यात मोठं घड्याळ यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेचं. जीएसआयमध्ये जिऑलॉजिस्ट, जिओफिजिसिस्ट, केमिस्ट आणि केंद्रीय भूजल मंडळात सायंटिस्ट ही पदं यातून भरतात. मास्टर्स हवं, वय ३२ च्या आत (राखीव गटांना नियमाप्रमाणे सवलत). मैत्रीण २९ ची आहे, हे मी वर सांगितलंच. नाइट शिफ्ट करून सकाळी जिओमॉर्फॉलॉजी वाचायची, हे बोलायला सोपं आहे. सोसायटीच्या ओळखीतून तिला तीन अभ्यासू जोडीदार मिळाले, एक नाशिकचा, दोघी पुण्याच्या. रविवारी रात्री ऑनलाइन बसतात. क्लासच्या फीपेक्षा हे बरं.

दुसरी संधी घराजवळची आहे. डोंगर फोडायचा तर आधी तो वाचणारा माणूस लागतो. १९१६ च्या पारसिक बोगद्यापासून ते खरं आहे, आणि आता तर कामांची रांग आहे. ऐरोली-काटई रस्त्याचा बोगदा याच पारसिकमधून. तीन स्टेशनं पुढे घणसोली, तिथून शिळफाट्याकडे बुलेट ट्रेनचा सुमारे ५ किलोमीटरचा बोगदा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. अशा कामांवर इंजिनिअरिंग जिऑलॉजिस्ट रोज खडकाचा नवा चेहरा बघून सांगतो, की इथे आधार किती द्यायचा. या जागांची खबर जॉब पोर्टलआधी अनेकदा ओळखीतून येते, आणि ती ओळख अधिवेशनातल्या चहाच्या टेबलावर होते.

त्याच लोकलने थेट पनवेलला गेलात, तर नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिचं मूळ १८२६ च्या कुलाबा वेधशाळेत. १८५९ चं ते गाजलेलं सौर वादळ आलं तेव्हा कुलाब्यात चुंबकीय नोंदी चालू होत्या, आणि जगभरचे शास्त्रज्ञ आजही त्या काढून बघतात. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हटल्यावर त्यांच्या करंटने नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळेने अलिबागला जागा घेतली. नानाभॉय मूस तेव्हा प्रमुख होते. विकासकामाआधी शास्त्रज्ञांचं ऐकलं गेलं, असं मुंबईत घडलंय!

परदेशाचं म्हणाल, तर युरोपियन जिओसायन्सेस युनियनची सभा दर वसंतात व्हिएन्नात भरते, आणि नवख्या संशोधकांच्या प्रवासखर्चासाठी वेगळी योजना असते. आंतरराष्ट्रीय जिऑलॉजिकल काँग्रेस १९६४ मध्ये दिल्लीत झाली होती. २०२० मध्ये ती पुन्हा दिल्लीत भरायची होती. कोविडने ती लांबली आणि मार्च २०२२ मध्ये ऑनलाइन उरकली. आपल्या एका अख्ख्या बॅचची घरबसल्या जग भेटायची संधी तशी गेली. त्यानंतरची २०२४ मध्ये बुसानला झाली.

घरच्या दगडांना मात्र जरा बरे दिवस आहेत. पाचगणी-महाबळेश्वरचे डेक्कन ट्रॅप्स सप्टेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. दरडींसाठी जीएसआयने जुलै २०२४ मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय पूर्वानुमान केंद्र सुरू केलं. त्याचं ‘भूस्खलन’ नावाचं मोबाइल अ‍ॅपही आहे. सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीपासून झाली. पारसिकसारख्या छोट्या, घरांनी भरलेल्या उतारांवर असा अंदाज द्यायचा, तर आधी तिथल्या भेगा आणि झरे कुणीतरी पायी फिरून नोंदवायला लागतात.

इंटरेस्ट असेल तर आधी फी आणि सभासदत्वाचे नियम संस्थेकडून विचारून घ्या. विद्यार्थ्यांची फी बहुतेक ठिकाणी वेगळी असते, आयुष्यभराची मेंबरशिपही मिळते. यूपीएससीची जाहिरात साधारण सप्टेंबरमध्ये येते, पूर्वपरीक्षा फेब्रुवारीत, मुख्य जूनमध्ये. म्हणजे मुख्य परीक्षेचे पेपर आणि डोंगरावरचा पहिला पाऊस एकाच महिन्यात. डिग्री नसेल, नुसती उत्सुकता असेल, तर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या आसपास जवळच्या संशोधन संस्थेत फोन करा. बऱ्याच संस्था त्या सुमारास लोकांसाठी दारं उघडतात. आणि बूट स्वतःचे आणा.