चंद्रकळा, पडदा आणि तार

पंडरी हा रायपूरचा घाऊक कापडबाजार. कापडाची पारख डोळ्यांनी आणि बोटांनी करावयाची, ही तेथल्या धंद्याची जुनी रीत. आता असे समजा की, तेथील एका व्यापाऱ्याने भिंतीवर मोठा, उंची, चार-के जातीचा पडदा बसविला आणि त्यावर चंद्रकळा दाखविली. लुगडे काळेभोर, पण पडद्यावर ते राखी दिसू लागले. काठातील बारीक लाल रेघांचा रंग शेजारच्या काळ्यात फिसकटला. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडले आणि व्यापाऱ्याने पडद्याला बोल लावला. पडदा बहुधा निर्दोष असतो. उणेपण असते ते संगणकापासून पडद्यापर्यंतच्या जोडणीत.

साध्या एचडी चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगाला 24 बिटे आणि सेकंदाला 60 चित्रे, असा हिशेब केला तर दर सेकंदाला सुमारे 299 कोटी बिटे वाहून न्यावी लागतात. चार-के चित्राला याच्या चौपट, जवळजवळ 1,194 कोटी. आता 2009 सालच्या एचडीएमआय 1.4 या जोडणीतून चित्रासाठी जास्तीत जास्त 816 कोटी बिटे जाऊ शकतात. ओझे मावत नाही, हे उघड आहे. अशा वेळी काही उपकरणे परस्पर एक तडजोड करतात : उजेड-अंधार प्रत्येक बिंदूचा पाठवावा, रंग मात्र चार बिंदूंत मिळून एकच. ओझे निम्मे होते, आणि चेहरे, डोंगर, क्रिकेटचे मैदान यांत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. लुगड्याच्या काठात मात्र ते तत्काळ दिसते. ‘चार-के चालते’ हे विक्रेत्याचे म्हणणे खोटे नसते. ते अर्धे असते. 2013 च्या एचडीएमआय 2.0 मध्ये पूर्ण रंगांचे चार-के चित्र सेकंदाला साठ वेळा जाऊ शकते. अर्थात संगणक, केबल आणि पडदा ही तिन्ही त्या तोलाची हवीत.

चंद्रकळा राखी का झाली, याचे कारण निराळे. संगणक काळ्याला 0 आणि पांढऱ्याला 255 मानतो. दूरचित्रवाणीच्या जगात काळे 16 वर आणि पांढरे 235 वर असते. एकाने 16 पाठविले आणि दुसऱ्याने ते संगणकी मापाने वाचले की काळे फिकटते. एचडीएमआय 2002 साली घरगुती दूरचित्रवाणी संचांसाठी जन्मली, म्हणून हा घोटाळा तिच्यात वारंवार होतो. उपाय फुकटचा आहे : दोन्ही टोकांची मापे एक करणे.

तिची वडील बहीण डीव्हीआय 1999 ची. तिच्यातून ध्वनी जात नाही, आणि नव्या उपकरणांवर ती क्वचितच आढळते. डिस्प्लेपोर्ट 2006 साली संगणकांच्या जगातून आली. तिच्या जोडाला बहुधा खटका असतो, त्यामुळे केबल ओघळून पडत नाही. पुष्कळ पडदे माळेसारखे एकामागून एक जोडण्याची सोयही तिच्यात 2010 पासून आहे. संगणक पडद्याच्या जवळच असेल, तर कापडाच्या दुकानाला तीच बरी.

अंतर वाढले की विचार पालटतो. 1975-76 साली ‘साइट’ प्रयोगात एटीएस-6 या उपग्रहावरून रायपूर, दुर्ग, बिलासपूर या जिल्ह्यांतील निवडक खेड्यांत चित्रे आली, तेव्हा संकेत क्षीण झाला की पडद्यावर ठिपके उमटत. चित्र मळले, तरी उरे. अंकरूप चित्र असे मळत नाही. ते मर्यादेपर्यंत स्वच्छ राहते आणि मर्यादा ओलांडली की चमकते, तुटते, नाहीसे होते. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलीची ही मर्यादा चार-के चित्रासाठी थोड्याच मीटरांवर येते. नाट्यगृहात किंवा सभामंडपात म्हणूनच एसडीआय वापरतात : एकच समाक्ष केबल, पिळून बसणारा जोड, आणि एचडी चित्र सुमारे 100 मीटरपर्यंत. तिच्या नित्याच्या वापरात दोन बिंदूंत मिळून एक रंग जातो; नाटकाला तेवढा पुरतो, काठाला पुरेलच असे नाही. दुकानात लांब पल्ल्याला प्रकाशतंतूची केबल घ्यावी. तीही भिंतीत गिलाव्याखाली पुरू नये. रुंद नळी बसवून तिच्यातून ओवावी, म्हणजे उद्या नवी पद्धत आली तर भिंत न फोडता केबल बदलता येईल.