पायथन भाषेतील कुलूप

संगणकाकडून काम करवून घेण्यासाठी त्याला क्रमवार आज्ञा द्याव्या लागतात. अशा आज्ञांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात आणि ती ज्या भाषेत लिहितात तिला संगणकभाषा म्हणतात. पायथन ही अशीच एक भाषा होय. गिडो व्हान रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने ती रचली व १९९१ मध्ये ती लोकांपुढे आली. आज ती शाळांपासून संशोधनसंस्थांपर्यंत सर्वत्र वापरली जाते. तिच्या अंतर्रचनेत सध्या एक महत्त्वाचा पालट होत आहे.

पायथनमधील प्रत्येक वस्तूबरोबर एक आकडा ठेवलेला असतो. ती वस्तू किती ठिकाणी वापरात आहे, हे तो सांगतो. आकडा शून्यावर आला की वस्तूने व्यापलेली स्मृती मोकळी केली जाते. आता समजा, आकडा २ आहे आणि कामाचे दोन प्रवाह एकाच क्षणी तो वाचतात. दोघेही त्यात १ मिळवून ३ लिहितात. खरा आकडा मात्र ४ हवा. अशी चूक झाल्यास वापरात असलेली वस्तूच एखाद्या वेळी नष्ट होईल. हे टळावे म्हणून पायथनमध्ये एक सार्वत्रिक कुलूप बसविलेले आहे. ज्या प्रवाहाच्या हाती त्याची किल्ली, त्यानेच त्या क्षणी पायथनच्या आज्ञा पाळावयाच्या, इतरांनी थांबावयाचे.

संगणकात एकच गणनकेंद्र असे, तोवर या नियमाने फारसे नुकसान होत नव्हते. आजच्या साध्या संगणकातही अशी अनेक केंद्रे असतात. कुलपामुळे एका आज्ञावलीला त्यांचा पुरा लाभ घेता येत नाही.

मग कुलूप सरळ काढून का टाकले नाही? पूर्वी तसे प्रयत्न झाले. परंतु प्रत्येक आकड्याची स्वतंत्र राखण करावी लागल्याने साध्या आज्ञावल्याच मंदावल्या. सॅम ग्रॉस यांच्या योजनेत यावर तोड आहे. वस्तू ज्या प्रवाहाने निर्माण केली, तो आपली मोजणी वेगळी व झटपट ठेवतो; इतर प्रवाहांची मोजणी निराळी, अधिक जपून होते. ही योजना २०२३ मध्ये स्वीकारली गेली. ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीत कुलूपरहित बांधणी प्रयोग म्हणून आली. ऑक्टोबर २०२५ मधील ३.१४ या आवृत्तीत तिला अधिकृत, परंतु ऐच्छिक स्थान मिळाले. तिच्यात एकाच प्रवाहाचे काम सुमारे ५ ते १० टक्के मंद चालते.

पुढे हीच बांधणी नेहमीची व्हावी, असा हेतू आहे. परंतु सी भाषेत लिहिलेली अनेक साहाय्यक साधने कुलूप आहे असे गृहीत धरून रचलेली आहेत. ती तपासून सुधारावी लागतील. या बाबतीत घाई महागात पडते. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पायथनमध्ये जुन्या आज्ञावल्या बदल केल्यावाचून चालत नसत, म्हणून दुसरी पायथन २०२० पर्यंत सांभाळावी लागली. असंख्य लोक जिच्यावर विसंबून आहेत, ती भाषा सुधारताना नव्या वेगाइतकीच जुन्या कामाचीही काळजी वाहावी लागते.